पाठीवरचे चौकोन

सीपीआरच्या कातडी विभागात
बुधवारी बाकावर टेकायला जागा नसते.
आमच्याकडं कातडं म्हणजे पाण्यात भिजवलेलं,
रापीनं कापायचं, आरीनं टोचायचं,
मग बायकांनी बसून वेणी घालायची.
इथं कातडं म्हणजे माझंच.

केसपेपरवाला विचारतो, काय होतंय?
इसब.
तो मान वर करत नाही.
सगळ्यांनाच इसब. वय?

सुभाषनगरात आमच्या बोळात
खाजेला तेवढं एकच नाव आहे
आणि कारण एकच, वांगं.

विराजच्या कोपराच्या घडीत,
गुडघ्यामागच्या खळग्यात
कातडी जाड झालीय, जुन्या पट्ट्यासारखी.
तान्हा होता तेव्हा गालावर होतं,
रांगायला लागला तसं खाली सरकलं.
बापाला दमा, आत्याला सकाळच्या शिंका,
मॅडम म्हणाल्या, हे रक्तातनं आलंय.
तालमीत वस्तादानं त्याला लाल मातीत उतरू दिलं नाही.
"गजकर्ण हाय. बाकीच्या पोरांना लागंल."
पोरगं लंगोट हातात घेऊन परत आलं.

सासूबाईंचं घोट्यावर.
तीस वर्षं मंगळवार पेठेतल्या खानावळीत
उभ्यानं भाकऱ्या थापल्या.
शिरा फुगल्या, दोऱ्याच्या गुंडाळीगत,
नडगीवर चहा सांडून वाळल्यासारखा रंग.
तांबड्या रश्श्यानं झालं म्हणतात सगळे.
रश्श्याचा काय दोष,
त्यांना कुणी कधी बस म्हटलं नाही.

शेजारी हुपरीची बाई, चांदीला घुंगरं जोडते.
पोटरीवर गोल गोल, रुपयाएवढे, ओलसर.
"दुसऱ्याचे पैंजण केले," ती म्हणाली,
"माझ्या पायाला चिल्लर आली."
तिच्या पलीकडचा पोरगा शिरोलीत लेथवर,
बोटांच्या बेचक्यात फोड,
भिजलेला साबुदाणा कातडीखाली पेरल्यागत.
त्यानं मूठ उघडली, दाखवली, परत मिटली.

माझे हात मॅडमनी उजेडात धरले.
वेणी ज्या दोन बोटांत धरते
तिथंच भेगा.
काय काय लागतं हाताला, विचारत बसल्या.
एवढ्या निवांत मला आजवर कुणी
माझं काम विचारलं नव्हतं.

मग पाठीवर पट्ट्या चिकटवल्या,
चौकोनात कसलं कसलं औषध, शाईचे आकडे.
दोन दिवस आंघोळ नाही, वाकायचं नाही.
एप्रिल महिना.
नवरा म्हणाला, भिंतीवरचं कॅलेंडर झालीस.

शुक्रवारी दोन चौकोन लाल निघाले, सोमवारी आणखी लाल.
पहिला क्रोमचा.
बाहेरनं येणारं स्वस्त कातडं त्यात कमावतात.
सासरे बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमवायचे,
त्यांचे हात काळे होते, फुटलेले नव्हते.
की फुटले होते? मी कधी नीट बघितलं नाही.

दुसरा चौकोन त्या मलमाचा.
मेडिकलमधनं आणलेली ती ट्यूब,
आठ वर्षं, रोज रात्री, दिवा मालवल्यावर
शेवटच्या थेंबापर्यंत पिळून
मी भेगांत भरत आले होते.
मला हसू आलं. मॅडम नाही हसल्या.

महाद्वार रोडची चाळीस जोडांची ऑर्डर होती.
सुती मोजे घालून बसले.
मोज्यात वादी सरकते, नखाला पकड नाही.
डाव्या हातात ठेवला, उजव्याचा काढला.

संध्याकाळी तालमीत गेले, दाराबाहेर उभी राहिले.
वस्तादाला चिठ्ठी दिली, खाली शिक्का:
हे लागत नाही.
मॅडमनी सांगितलेलं जोडलं,
घाम आल्यावर आंघोळ, मग लगेच मलम, अंग ओलं असताना.
त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली,
आत डोकावून पोरांकडं बघितलं,
मग लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली.
"हे माझं. बारा वर्षं झाली, पोरांना दावत न्हाई.
ह्यातलं कुठलं?"

मी पदर खोचला
आणि उजेड पडेल अशी बाजू धरून
खाली बसले.